वहीत लिहिलंय का? पाळणाघराविषयी वाचकांचे प्रश्न

शाळा सुरू व्हायच्या सुमारास पाळणाघरांतही नवी मुलं येतात आणि कोल्हापुरातून आमच्याकडे पत्रं येतात. यावेळच्या पत्रांत आईवडील आहेत, एक आजी आहेत आणि पाळणाघर चालवणाऱ्या दोघी ताईही आहेत. सगळे प्रश्न मुद्दाम एकत्र ठेवलेत, म्हणजे दोन्ही बाजूंना एकमेकांची अडचण वाचायला मिळेल. तीन वर्षांखालचं मूल दिवसभरात काय झालं ते संध्याकाळी सांगू शकत नाही. त्याच्या वतीने बोलायला पाळणाघराची रोजची वही असते, म्हणून पुढच्या उत्तरांत ती वही सारखी डोकावेल.

प्रश्न: बाळ सात महिन्यांचं आहे आणि माझी बँकेतली रजा संपत आली. आतापर्यंत तीन पाळणाघरं पाहिली. तिन्हीकडे रंगीत भिंती, कॅमेरे आणि शॉप ॲक्टचा फ्रेम केलेला कागद आहे. निवडायचं कशावरून? – एक आई, राजारामपुरी

उत्तर: तो फ्रेममधला कागद धंद्याची नोंद झाली एवढंच सांगतो. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. मुलं कशी सांभाळली जातात हे बघायला त्यासाठी कोणी येत नाही. ते तुम्हालाच बघायचंय, आणि सकाळी दहाला जाऊन ते दिसत नाही. दुपारी साडेबारा ते दीडच्या मध्ये जा. जेवण, शी-शू आणि झोप या तिन्ही गोष्टी त्या तासात एकदम येतात. माणसं कमी असतील तर तेव्हाच उघडं पडतं.

आत गेल्यावर आधी डोकी मोजा. आमच्या मते एक वर्षाखालच्या तीन बाळांमागे एक मोठं माणूस हवं, एक ते दोन वर्षांच्या चारांमागे एक, दोन ते तीनच्या सहांमागे एक आणि त्यापुढच्या आठ-दहांमागे एक. पहिला आकडा फार कडक वाटेल. पण जिन्यात धूर झाला तर एक बाई दोन बाळं कडेवर घेईल, तिसऱ्याला कोण उचलणार? मोजताना स्वयंपाक करणाऱ्या मावशींना धरू नका. पोळ्या लाटणारे हात त्या वेळी मुलांसाठी मोकळे नसतात.

मग न्हाणीघर बघा. भरलेली बादली दिसली तर ते पाळणाघर यादीतून काढून टाकलंत तरी आमची हरकत नाही. नुकतं उभं राहायला लागलेलं मूल बादलीत डोकावतं, डोक्याच्या भारानं आत जातं आणि वीतभर पाण्यातही बुडतं. तेही आवाज न होता. बादल्या रिकाम्या आणि उपड्या असायला हव्यात आणि दाराला वरून कडी हवी. स्वयंपाकघराच्या दाराला आडवं फाटक, खिडकीला जाळी आणि जिन्याला वर-खाली दोन्हीकडे अडसर आहे ना, तेही बघून घ्या. आग विझवायचा सिलिंडर असेल तर त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा आणि तो कसा चालवायचा हे तिथल्या मावशींना विचारा. मालकिणीला नको.

शेवटी कालची वही मागा. इतर मुलांची नावं झाकून दाखवली तरी चालेल. प्रत्येक मुलाच्या नावापुढे आल्याची वेळ, किती मिली दूध किंवा किती वाट्या जेवण, झोप किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, शी कितीदा आणि कशी, काही लागलं-खरचटलं असेल तर कुठे आणि कसं, एवढं असायला हवं. सगळ्या पानावर एकच पेन आणि सगळ्या मुलांची झोप बरोबर १ ते ३ अशी दिसली, तर ते पान संध्याकाळी बसून भरलंय. खऱ्या पानावर १२.५०, १.२५, १.४० अशा वेड्यावाकड्या वेळा असतात, मध्येच अक्षर बदलतं, कुठे भाताचा डागही असतो.

कॅमेऱ्याविषयी थोडंच. चित्रण किती दिवस ठेवतात, ते कोण बघतं, लंगोट बदलायच्या जागेवर कॅमेरा नाही ना, हे विचारा. कॅमेरा असला तरी माणसं लागतातच. कामावरच्या प्रत्येकाची पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी झालीय का हे विचारायला संकोच करू नका, आणि पालक न कळवता कधीही आत येऊ शकतात का, हेही विचाराच. ‘मुलं डिस्टर्ब होतात’ म्हणून दारातूनच मूल घेणारी जागा आम्हाला पटत नाही.

निवड झाली की रजा संपायच्या आत दहा दिवस हाताशी ठेवा. पहिले दोन दिवस तासभर तुम्ही बाळाबरोबरच बसा. पुढचे दोन दिवस अर्धा तास बाहेर जा, मग एक जेवण, मग एक झोप, मग पूर्ण दिवस. निघताना बाळाची नजर चुकवून पळू नका. सांगून गेलात तर ते रडतं पण सावरतं. गुपचूप गेलात तर दिवसभर दाराकडे बघत राहतं.

प्रश्न: मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत हिशेब विभागात आहे, बाळ आठ महिन्यांचं. दूध काढून ठेवते, पण पाळणाघरातल्या ताई म्हणतात, नासलं तर जबाबदारी कोणाची, वरचं दूध सुरू करा. आणि आमच्या कंपनीनं पाळणाघर द्यायला हवं का? – एक वाचक

उत्तर: ताईंची भीती खोटी नाही, पण नियम ठरवून घेतले तर ती उरत नाही. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे खोलीत २५ अंश कुठले? म्हणून बाहेर ठेवायचा हिशेबच सोडा. फ्रिजमध्ये ते चार दिवस चांगलं राहतं, मात्र आतल्या बाजूला, दारातल्या कप्प्यात नाही. दार उघडझाप होताना तिथलं तापमान सतत वरखाली होतं. ऑफिसात काढलेलं दूध बर्फाच्या पाकिटांसह थर्मासच्या पिशवीत ठेवलं तर २४ तास चालतं.

६० ते ९० मिलीच्या छोट्या डब्या भरा. आई दूर असते त्या प्रत्येक तासाला साधारण ३० ते ४५ मिली असा अंदाज धरतात. नऊ तासांसाठी २७० ते ४०० मिली झालं, त्यात आठ महिन्यांचं बाळ वरचं अन्नही खातं. डबीवर बाळाचं नाव, तारीख आणि काढल्याची वेळ लिहिलेली चिकटपट्टी लावा. ताईंनी जुनी डबी आधी वापरायची आणि कोमट पाण्याच्या वाटीत धरून गरम करायची. गॅसवर नको, मायक्रोवेव्हमध्ये तर नकोच, कारण बाहेरून कोमट लागणारं दूध मध्ये चटका देण्याइतकं तापलेलं असतं. वर साय आणि खाली पातळ असं दिसलं तर ते नासलेलं नाही. आईचं दूध ठेवल्यावर असंच होतं, हलकेच फिरवलं की एकजीव होतं. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी चांगलं दूध मोरीत जातं. बाळाच्या तोंडाला लागलेलं उरलं तर दोन तासांनंतर मात्र टाकून द्या. पाजायला बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं (चोचीची छोटी वाटी) बरं. घासायला सोपं, आणि निपलच्या सांदीत जी घाण अडकते ती इथे अडकत नाही. गाय-म्हशीचं दूध एक वर्षापर्यंत मुख्य दूध म्हणून सुरू करू नका.

आता कंपनीचं. २०१७ साली मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची आहे. ५० ही संख्या एकूण कर्मचाऱ्यांची, फक्त बायकांची नाही. ‘आमच्याकडे लेडीज सहाच आहेत’ हे उत्तर त्यामुळे लागू पडत नाही. विश्रांतीची वेळ धरून दिवसातून चार वेळा आईला पाळणाघरात जाऊ द्यावं लागतं. शिवाय बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या मिळतात. एमआयडीसीतल्या चार-पाच कारखान्यांनी मिळून एक पाळणाघर चालवणं सगळ्यांना परवडेल. मागणी लेखी करा, तीन-चार जणींनी मिळून सही करा आणि पोच घ्या.

प्रश्न: आमच्यात पोरं झोळीतच वाढली. नात पाच महिन्यांची आहे, झोळीशिवाय डोळा मिटत नाही. सुनेनं ठरवलेल्या पाळणाघरात झोळी बांधत नाहीत म्हणतात. लेकराचे हाल कशाला? – एक आजी, कसबा बावडा

उत्तर: आजी, तुमचा जीव तुटतो हे आम्हाला समजतं. पण पाळणाघर बरोबर सांगतंय. साडीच्या झोळीत बाळ धनुकलीसारखं वाकतं आणि हनुवटी छातीला टेकते. लहान बाळाची श्वासनलिका मऊ आणि बारीक असते, त्या कोनात ती दबते, आणि मान उचलून सरळ व्हायचं बळ अजून आलेलं नसतं. साडीचा पदर तोंडावर येतो तो वेगळाच. मूल जरा मोठं झालं की झोळीत उभं राहायला बघतं, पडतं किंवा कापडाचा पीळ गळ्याभोवती बसतो. घरी तुम्ही दोरी हातात धरून शेजारी बसलेल्या असता. तिथे एका मावशीचं लक्ष तीन ठिकाणी असतं.

चांगल्या पाळणाघराचा नियम असा असतो: बाळ पाठीवर, घट्ट सपाट गादीवर, चेहरा उघडा. डोक्याखाली राईची उशी नाही, जाड गोधडी नाही, उशाला बाहुल्या नाहीत. दर दहा-पंधरा मिनिटांनी जवळ जाऊन छाती हलतेय का आणि ओठांचा रंग कसा आहे ते बघायचं आणि वहीत वेळ टाकायची. बाळ आपणहून पालथं व्हायला लागलं असेल तर निजवताना पाठीवर निजवायचं, नंतर त्यानं कूस बदलली तर परत उलटवत बसायचं नाही. सपाट तळाचा पाळणा चालतो, पण बाळ उठून बसायला लागलं की तोही बंद.

सवय मोडायला आठवडाभर लागेल. घरी दुपारची झोप आधी गादीवर सुरू करा. अंगावर हात, तुमची नेहमीची अंगाई, खोली थोडी अंधारी. तुमच्या वापरातल्या साडीचा वास तिला हवा असतो, म्हणून तीच साडी चादरीसारखी गादीवर ताणून, कडा खाली खोचून घाला. रात्रीची झोप त्यानंतर. काजळ, धुरी, नाकाकानात तेल यांतलं काही पाळणाघराला करायला सांगू नका. घरीही धुरी थांबवलीत तर बाळाच्या छातीला बरंच होईल.

प्रश्न: माझ्याकडे अठरा मुलं आहेत. काही पालक सकाळी तापाचं औषध पाजून मूल सोडतात, दुपारी एकला मूल फणफणतं. फोन केला तर ‘बॅगेत औषध आहे, द्या’ म्हणतात. नकार दिला की राग येतो. – पाळणाघर चालवणाऱ्या एक ताई, शाहूपुरी

उत्तर: राग येऊ द्या, पण नियम प्रवेशाच्या कागदावर आधीच छापलेला असू द्या. पॅरासिटामॉल चार ते सहा तास ताप दाबून धरतं. सकाळी आठला पाजलं की दुपारी तुम्हाला जे दिसतं ते दिसणारच. कागदावर एवढं लिहा: १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला की मूल तासाभरात घरी न्यायचं, आणि औषधाशिवाय पूर्ण २४ तास ताप नसेल तरच परत आणायचं. जुलाब-उलटी थांबल्यावर ४८ तास. कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत. हात-पाय-तोंडाच्या साथीत ताप गेल्यावर आणि फोड सुकल्यावर. साध्या वाहत्या नाकासाठी किंवा उवांसाठी कोणाला घरी पाठवू नका, नाहीतर पावसाळाभर पाळणाघर रिकामं राहील आणि आयांच्या नोकऱ्या जातील. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर तासाभराची वाट नको, लगेच डॉक्टर.

औषधाचा नियम तापापेक्षाही कडक ठेवा. पॅरासिटामॉल बाजारात वेगवेगळ्या तीव्रतेत येतं. ड्रॉप्समध्ये साधारण १ मिलीत १०० मिलिग्रॅम, एका सिरपमध्ये ५ मिलीत १२५ आणि दुसऱ्यात ५ मिलीत २५०. डोस साधारण किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या मुलाला १५०. तो ड्रॉप्सचा दीड मिली, पातळ सिरपचा ६ मिली आणि घट्ट सिरपचा ३ मिली होतो. आता समजा वडिलांनी चिठ्ठीवर ‘६ मिली’ लिहिलं आणि आईनं बॅगेत ड्रॉप्सची बाटली टाकली. मुलाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम जातं, चौपट. पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृताला इजा होते आणि पहिल्या दिवशी मूल तसं बरंच दिसतं. म्हणून ‘६ मिली’ एवढ्यावर कधीच औषध देऊ नका.

औषध घ्यायचं ते मूळ बाटलीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. वहीत मुलाचं नाव, वजन, औषध, तीव्रता, किती मिली, घरी शेवटचं कधी दिलं आणि पालकाची सही. देताना एकीनं मोजायचं, दुसरीनं बाटली आणि चिठ्ठी ताडून बघायची, दोघींच्या सह्या. मोजायला सिरिंज, चहाचा चमचा नाही. दिवसातून दोनदाचं औषध असेल तर ते घरीच देता येतं, तसं सांगा.

तापात झटके आले तर मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं सामान दूर करा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा हुंगवायचा नाही, चप्पल तर नाहीच. पाच मिनिटांवर गेलं, पुन्हा आलं किंवा मूल निळसर पडलं तर १०८. पहिलाच झटका असेल तर तो थांबला तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

प्रश्न: दोन वेळा फिनेल मारतो, सॅनिटायझर ठेवलाय, तरी दर पावसाळ्यात जुलाबाची साथ फिरतेच. कुठे चुकतंय? – दुसऱ्या एक ताई, उद्यमनगर

उत्तर: बहुधा लंगोट बदलताना. फिनेलचा वास आला की स्वच्छ वाटतं, पण जुलाबाचे विषाणू हातावरून फिरतात आणि त्यांतल्या काहींवर सॅनिटायझर नीट चालत नाही. साबण आणि वाहतं पाणीच लागतं.

तुमच्याकडच्या मावशी लंगोट कसा बदलतात ते एकदा उभं राहून बघा. बहुतेक ठिकाणी मूल आधी आडवं होतं, घाण उघडी पडते आणि मग आठवतं की नवा लंगोट कपाटात आहे. त्याच हाताने कपाटाची मूठ, मुलाची बॅग, पावडरचा डबा. पाच मिनिटांनी दुसऱ्या मावशी त्याच मुठीला हात लावून बिस्किटं काढतात. साथ तिथून निघते.

क्रम असा ठेवा. आधी सगळं काढून हाताशी: लंगोट, ओला कापूस, मलम चिमूटभर कागदावर, घाणीची पिशवी तोंड उघडून. चटईवर कागद अंथरायचा. मूल ठेवल्यापासून एक हात कायम त्याच्या अंगावर. पुसायचं पुढून मागे, मुलींचं तर नक्कीच. घाण लंगोट आणि कापूस थेट पिशवीत. आपले हात तिथेच पुसून घेऊन मगच नवा लंगोट. मग मुलाचे हात साबणाने धुवायचे. ही पायरी सगळे विसरतात, आणि मुलाचा हात मधल्या वेळात नेमका खालीच गेलेला असतो. मूल खाली सोडून चटई पुसायची, मग आपले हात वीस सेकंद धुवायचे, मग वहीत नोंद. हातमोजे घातले म्हणून हात धुणं टळत नाही.

चटईसाठी सोडियम हायपोक्लोराइट वापरा. ५ टक्क्यांचं असेल तर २० मिली घेऊन एकूण एक लिटर करा. आधी साबणाने घाण काढायची, मग हे लावून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग साध्या पाण्याने पुसायचं. घाणीवरच ओतलं तर त्याची ताकद घाणीतच संपते. रोज सकाळी नवं करा. संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर ते कधीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो. आणि हे असो की फिनेल, शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका. तहानलेल्या मुलाला त्यातला फरक कळत नाही.

तोंडात घालायची खेळणी वेगळ्या टोपलीत ‘धुवायची’ म्हणून टाका आणि रोज संध्याकाळी धुऊन वाळवा. कापडी बाहुल्या पावसाळ्यात वाळत नाहीत, चार महिने माळ्यावर ठेवल्यात तर उत्तम. जुलाब सुरू झालेल्या मुलाला घरचे येईपर्यंत ओआरएस पाजत राहा. मोठं पाकीट एका लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्णच घालायचं, अंदाजानं अर्धं ग्लासात नाही. दोन वर्षांखाली प्रत्येक शीनंतर ५० ते १०० मिली, चमच्याने. उरलेलं २४ तासांनी टाका.

प्रश्न: वीस महिन्यांच्या मुलाच्या दंडावर दुसऱ्या मुलानं कडकडून चावल्याचा वळ आहे. ताई नाव सांगत नाहीत. हे झाकणं नाही का? – एक बाबा, ताराबाई पार्क

उत्तर: नाव न सांगणं योग्यच. उद्या तुमचं मूल चावेल तेव्हा तुम्हालाही हेच हवं असेल, कारण दीड ते अडीच वर्षांच्या मुलांत चावणं फार सर्रास असतं. बोलता येत नाही, खेळणं हवं असतं, दात शिवशिवत असतात. पण कधी, कुठे, आधी काय चाललं होतं, जवळ कोण होतं आणि जखमेला काय केलं, हे त्याच दिवशी लेखी मिळायला हवं. साबण-पाण्याने धुऊन गार फडकं धरायचं. कातडी फाटली असेल तर डॉक्टरांना दाखवून लसीकरणाचं कार्ड सोबत न्यायचं. वहीत दोन-तीन वेळा तीच वेळ दिसली, समजा जेवणाआधीची दहा मिनिटं, तर त्या वेळी मुलं फार वेळ ताटकळत बसतात असा त्याचा अर्थ. पाटावर बसवायच्या आधी ताटं वाढून ठेवली तर बरेचदा तेवढ्यानं थांबतं. चावणाऱ्याला उलट चावून दाखवणं ही मारहाणच आहे.

प्रश्न: मुलगी अडीच वर्षांची. आठवड्यात दोनदा मांडीवर चिमट्यासारखे डाग दिसले. विचारलं तर ‘पडली असेल’ म्हणाले. मी उगाच संशय घेतेय का? – नाव देत नाही

उत्तर: उगाच नाही. चालत्या मुलाचं लागणं गुडघ्यावर, नडगीवर, कपाळावर असतं. मांडीची आतली बाजू, कानामागे, पाठ, दंडाचा आतला भाग इथले डाग पडून सहसा होत नाहीत. आजच तारीख दिसेल असे फोटो काढा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सीपीआर या सरकारी रुग्णालयातही दाखवता येईल. डॉक्टरांना वर्णन केसपेपरवर लिहायला सांगा. मग त्या दोन दिवसांची वही आणि कॅमेऱ्याचं चित्रण लेखी मागा. चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून यात उशीर नको. मुलीला ‘तुला ताईनं मारलं का’ असं विचारू नका, ती कशालाही हो म्हणेल. ‘इथे काय झालं?’ एवढंच विचारा, आणि ती बोलली तर तिचेच शब्द लिहून ठेवा.

तोवर तिला तिथे पाठवू नका. चाइल्डलाइनचा १०९८ रात्रंदिवस चालू असतो. मुलं सांभाळायला घेतलेल्या संस्थेतल्या माणसानं क्रूरता केली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. लैंगिक स्वरूपाचा संशय असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पाळणाघराच्या प्रमुखांवरही. ‘आपसांत मिटवू’ म्हणायचा अधिकार त्यांना नाही. पुरावा पक्का होईपर्यंत थांबायची गरज नाही, शंका पुरेशी आहे.

प्रश्न: डब्यात काय देऊ नये याची यादी द्याल का? – एक आई, मंगळवार पेठ

उत्तर: भडंग सगळ्यात आधी. त्यातले शेंगदाणे आणि चिरमुरे दोन्ही श्वासनलिकेत जातात, आणि ते शेजारच्या मुलाच्या हातीही लागतात. पाच वर्षांखाली अख्खे दाणे, फुटाणे, लाह्या नकोत. दाण्याचा कूट चालेल. द्राक्षं उभी चिरून चार फोडी. गाजर-सफरचंद किसून किंवा वाफवून. एक वर्षाखाली मध बोटभरही नको आणि मीठ-साखर-गूळही घालू नका. ठसका लागून आवाज बंद झाला तर एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब, आळीपाळीनं. दिसत नसलेली वस्तू बोट घालून काढायला जाऊ नका, ती आत जाते.

प्रश्न: पाळणाघर नागाळा पार्कात आहे, मी शिरोली एमआयडीसीत. पावसाळ्यात काय ठरवून ठेवावं? – एक आई

उत्तर: तुमच्यात आणि बाळात नदी आहे, हे धरून चाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद झाला होता. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाळणाघराशी लेखी ठरवा की पातळी किती फुटांवर गेली की मुलं आणायचीच नाहीत आणि भर दिवसा वाढली तर कोणत्या आकड्याला फोन करायचा. नागाळा पार्काच्या सखल भागासाठी आम्ही ३९ लाच बंद ठेवू, कारण पुढचे चार फूट चढायला किती तास लागतील ते धरणांच्या विसर्गावर आणि वरच्या पावसावर अवलंबून असतं.

मूल न्यायला येऊ शकतील अशा, नदीच्या पाळणाघराकडच्या बाजूला राहणाऱ्या दोन माणसांची नावं, फोटो आणि सही जूनमध्येच देऊन ठेवा. फोनवर ‘मामा येतोय, द्या त्याच्याकडे’ एवढ्यावर मूल देऊ नये. नाव यादीत नसेल तर तुम्ही दिलेला परवलीचा शब्द विचारावा आणि नेणाऱ्याची वेळेसह सही घ्यावी. नवरा-बायकोत वाद चालू असेल तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत पाळणाघराकडे द्या. आदेशाशिवाय त्यांना एका पालकाला अडवायला सांगणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

पाळणाघरानं पावसाळ्यापुरतं वरच्या मजल्यावर किंवा उंच भागात दुसरं घर ठरवून त्याचा पत्ता सगळ्यांना द्यायला हवा. तयार पिशवीत दोन दिवसांचं प्यायचं पाणी, लंगोट, ओआरएस, टॉर्च आणि प्रत्येक मुलाचं नाव, रक्तगट, ॲलर्जी व घरचे दोन फोन लिहिलेली यादी असावी. कागदावर, प्लास्टिकच्या पिशवीत. मोबाइलमधली यादी वीज गेल्यावर दुसऱ्या दिवशी उघडत नाही.